लाईटीची पाळी

आमच्या दुकानात येणारा माणूस लॅपटॉप काउंटरवर ठेवायचा आणि घरातल्या आजारी माणसाबद्दल बोलावं तशा आवाजात म्हणायचा, "ब्याटरी बसली, म्याडम." निम्म्या वेळा बॅटरी बसलेली नसायची. तिच्याकडून नको तितकं काम करून घेतलेलं असायचं. ते मी काउंटरवरून समजावून सांगायची आणि विलास आत बसून दुरुस्त करायचे.

राहात्याच्या बाजारपेठेत, कापडाचं दुकान आणि औषधाचं दुकान यांच्यामधल्या अरुंद गाळ्यात आम्ही नवरा-बायको कॉम्प्युटर दुरुस्त करत होतो. मधे एक फळकुटाची भिंत होती. तिच्या आत विलास, बाहेर मी. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. गिऱ्हाईक नसलं की पुस्तक वाचत बसायची. विलास फारसं बोलत नसत. मी इतकी वर्षं गिऱ्हाइकांशी बोलले ते खरं तर त्यांच्या वतीनेच. ते जाऊन आता दुसरी दिवाळी येते आहे. दुकानाबद्दल लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा दुकानाबद्दल लिहायचं म्हणजे विलास यांच्याबद्दल लिहायचं, हे मला लगेच कळलं, आणि म्हणूनच बरेच दिवस मी लिहायला बसले नाही.

त्यांच्या हातचं एक काम आमच्या भागात ओळखीचं होतं. ते आधी सोप्या शब्दांत सांगते.

लॅपटॉपला बाहेरच्या जगातलं फार थोडं समजतं. पण एक गोष्ट त्याला पक्की समजते : चार्जरमधून वीज येते आहे की आपण स्वतःच्या बॅटरीवर जगतो आहोत. येते आहे तोवर त्याने हात मोकळा सोडावा, स्क्रीन लख्ख ठेवावी, जोरात पळावं. वीज थांबली की जपून राहावं. स्क्रीनचा उजेड कमी करावा, वेग कमी करावा, कुणी हात लावत नसेल तर लवकर झोपी जावं. यातल्या काही सोयी लॅपटॉपमध्ये आधीपासून असतात, पण त्या सगळ्यांसाठी सारख्याच. विलास प्रत्येक माणसाचं काम बघून त्याच्यापुरता एक छोटा प्रोग्राम लिहायचे. लाईट गेली की तो प्रोग्राम आपोआप जागा व्हायचा, ठरलेले बदल करायचा. लाईट आली की सगळं पूर्ववत. माणसाने कुठलंही बटण दाबायचं नाही.

"गिऱ्हाईकाला कळता कामा नये," ते म्हणायचे. "कळलं म्हणजे काम कच्चं."

त्यासाठी त्यांनी एक खास गोष्ट केली होती. इतर लॅपटॉपची स्क्रीन पिन काढताच झटकन काळवंडते. विलास यांच्या प्रोग्राममध्ये ती हळूहळू मंद व्हायची, संध्याकाळी अंगणातला उजेड कमी होतो तशी. तुम्ही वाचत असाल तर वाचतच राहाल. या गोष्टीचा त्यांना मनातून फार अभिमान होता. मी एकदा गंमत म्हणून स्क्रीनकडे टक लावून बसले आणि मंद होण्याची नेमकी वेळ पकडायचा प्रयत्न केला. जमलं नाही. ते फळकुटामागून हसले, तेव्हाचं ते हसू माझ्याकडे आहे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. ऊस मोजायच्या एका खासगी वजनकाट्यावरचे कारकून आले होते. लाईट गेली की त्यांचा लॅपटॉप जरा वेळाने झोपी जायचा आणि जागा व्हायला वेळ घ्यायचा. तेवढ्यात मागे ट्रॅक्टरांची रांग लागायची. "ते ड्रायव्हर मला म्हणतात, भाऊसाहेब, मशीन झोपलं का तुम्ही? मी काय उत्तर देऊ?" विलास यांनी त्यांचा लॅपटॉप झोपणारच नाही असा केला, वेग कमी, उजेड कमी, पण डोळे उघडे. कारकून निघताना म्हणाले, "आता मी एकटाच झोपत जाईन."

आणि घोडेगावच्या बाजारात म्हशींचा व्यवहार करणारे एक शेठ. टेम्पोच्या फाळक्यावर लॅपटॉप ठेवून ते गिऱ्हाईकाला गोठ्यावरच्या जनावरांचे फोटो आणि दूध काढतानाचे व्हिडिओ दाखवायचे. आमच्या नेहमीच्या पद्धतीने विलास यांनी बॅटरीवर स्क्रीन मंद होईल असं करून दिलं. पुढच्या आठवड्यात शेठ दुकानात उभे.

"ताई, तुमच्या मालकाला बाहेर बोलवा जरा."

विलास बाहेर आले.

"इंजिनेर, माझी म्हस काळी. बाजारात ऊन ह्ये असं. अन् तुमी स्क्रीन बी काळी करून ठिवली. गिऱ्हाईक मला म्हनतंय, शेठ, म्हस कुठं हाय? म्हनलं, हाय बाबा ह्याच्यातच कुठंतरी, अंधारात उभी हाय."

विलास इतके ओशाळले की त्यांना हसूही येईना. शेठना चहा पाजला आणि सगळं उलट करून दिलं : चार्जर लावलेला असताना उजेड कमी, बॅटरीवर असताना लख्ख. कारण त्या माणसाच्या आयुष्यात बॅटरी म्हणजे ऊन होतं. त्या दिवशी विलास मला म्हणाले, "सुनंदा, लाईट गेली म्हणजे काय होतं, हे प्रत्येकाला आधी विचारायला पाहिजे. मशीनला एकच समजतं. माणसाचं निराळं असतं."

आम्ही विचारायला लागलो. पण जो प्रश्न विचारायला हवा होता तो हा नव्हता, हे साळवे सरांमुळे कळलं. आणि कळलं तेव्हा विलास नव्हते.

साळवे सर प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. गावाबाहेर कॅनॉलच्या पलीकडे त्यांची वस्ती. त्यांच्या पत्नी वारल्या होत्या, मुलगा अनिल पुण्यात नोकरीला. शेत वाट्याने दिलेलं, सर घरात एकटे. त्यांच्या लहानशा चर्चमध्ये पाळक दर रविवारी येऊ शकत नसत. त्यांच्याकडे आसपासची आणखी गावं होती. ज्या रविवारी पाळक नसत त्या रविवारी उपदेश साळवे सर करत. तो ते तोंडी करत नसत. आठवडाभर रोज सकाळी लॅपटॉपवर थोडा थोडा लिहीत, शनिवारी आमच्याकडे येऊन मोठ्या अक्षरात छापून नेत. त्यांना काचबिंदू होता; समोरचं दिसायचं, कडेचं दिसत नसे. पुस्तकातली, वर्तमानपत्रातली अक्षरं वाचणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. लॅपटॉपवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं म्हणून मुलाने तो घेऊन दिलेला. सर छापलेले कागद हातात घेऊन लॅपटॉपवर टिचकी मारत म्हणायचे, "बाई, हा आहे तोवर मी उभा राहतो. हा दिसेनासा झाला की खाली बसेन."

म्हणजे त्यांच्या डोळ्यांचं माप ती स्क्रीन होती. दुसरं माप त्यांच्याकडे उरलं नव्हतं.

एका शनिवारी ते म्हणाले, "बॅटरी लवकर संपते हो. विलासरावांना म्हणावं, काही करा."

विलास यांनी बाहेर येऊन विचारलं, "सर, लाईट गेल्यावर तुम्ही काय करता?"

"काय करणार? येईपर्यंत बसतो. आमच्याकडे फार जात नाही."

विलास यांनी प्रोग्राम घातला. बॅटरीवर स्क्रीन मंद, सावकाश, कळणार नाही अशी. निघताना मी सांगितलं, "सर, लाईट गेली की स्क्रीन थोडी मंद होईल. घाबरू नका."

"नाही नाही," सर म्हणाले.

तो दसऱ्याच्या आसपासचा सुमार असावा. थंडी पडायला लागली आणि त्याच थंडीत विलास एका सकाळी दुकानाचं शटर वर करताना खाली बसले, ते उठले नाहीत. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

साळवे सर भेटायला घरी आले होते. रिक्षाने आले, हातात काठी होती. ती आधी नसायची. काठी भिंतीला टेकवून बसले. मग म्हणाले, "बाई, मी आता उपदेश करत नाही. डोळे गेले."

मी काहीतरी बोलले असेन.

"नवल असं की सारखे जात नाहीत. एक आठवडा दिसतं, एक आठवडा पुसट. मग परत दिसतं. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणतात, असं होत नसतं. म्हणजे मलाच भ्रम. मग म्हटलं, ज्या माणसाला आपल्याला दिसतं की नाही हेही नक्की सांगता येत नाही, त्यानं लोकांपुढं उभं राहू नये."

हे सगळं मी ऐकलं. शब्द न् शब्द मला आज आठवतो. त्या दिवशी मात्र तो माझ्या अंगावरून गेला. घरात माणसं येत होती, जात होती, आणि मला वाटलं, सगळ्यांचंच काहीतरी जातंय. एक आठवडा दिसतं, एक आठवडा नाही. आमच्या भागातल्या कुणालाही या वाक्यावर दचकायला हवं. विलास तर फळकुटामागूनच ओरडले असते, "सर, वस्तीवर लाईट कुठल्या लाईनवरून आहे?" पण जो माणूस ऐकून सांगू शकला असता त्याच्याच दुखवट्याला सर आले होते.

वस्तीवर राहणाऱ्यांना हे सांगायला नको, पण शहरातल्या वाचकांसाठी सांगते. गावातल्या घरांना लाईट बहुतेक वेळ असते. शेतातल्या वस्त्यांना मात्र पुष्कळदा विहिरीच्या मोटारींची जी लाईन असते तिच्यावरूनच लाईट मिळते, आणि तिची पाळी असते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. ज्या आठवड्यात रात्रीची पाळी, त्या आठवड्यात दिवसा लाईट नाही. वस्तीवरची माणसं याला लाईट गेली म्हणत नाहीत. लाईट जाते ती तार तुटली, डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर जळाला, वादळ झालं म्हणजे. पाळी ही पाळी. ऊन-सावलीसारखी ती असतेच. तिच्यात काही जात नाही.

कळायचं ते मला उन्हाळा लागायच्या जरा आधी कळलं. मी दुकान पुन्हा उघडलं होतं; विलास यांच्या वह्या बघत छोटे बदल आता मीच करायची. सर आले, बरोबर अनिल होता. सरांनी लॅपटॉपची पिशवी काउंटरवर ठेवली.

"मी पुण्याला चाललो. उद्या. याचा मला उपयोग नाही. कुणाला लागला तर द्या."

अनिल म्हणाला, "एकटं ठेवणं बरोबर नाही मॅडम. दिसत नाही त्यांना. विहीर जवळ आहे." तो खरंच काळजीत होता. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

"चर्चमध्ये निरोपही झाला," सर म्हणाले. "हार घातला. मला दिसला नाही, वासावरून कळलं झेंडूचा आहे." आणि हसले.

ते गेल्यावर मी लॅपटॉप काढला. कुणाला द्यायचा तर आधी साफ करावा म्हणून चालू केला. स्क्रीन मंद होती. अक्षरं एवढी मोठी, पण राखेत काढल्यासारखी. मी सवयीने चार्जर लावला आणि फडकं आणायला आत गेले. परत आले तर स्क्रीन लख्ख. मधे काय घडलं ते दिसलंच नव्हतं. मी पिन काढली आणि स्टुलावर बसून बघत राहिले. हळूहळू, अंगणातला उजेड जावा तशी, ती स्क्रीन मावळली. या वेळीही नेमका क्षण मला पकडता आला नाही. पण फळकुटामागून कुणी हसलं नाही.

तिथेच बसल्या बसल्या सरांचं वाक्य एकेका शब्दाने परत आलं. एक आठवडा दिसतं. एक आठवडा पुसट.

फोन लावला, लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडता मी लॅपटॉप पायाशी ठेवून स्कूटी काढली. वस्तीवर पोचले तर दारात टेम्पो उभा होता. पलंग सुटा करून आडवा ठेवलेला. ओसरीत वाटेकऱ्याच्या बायकोने तिची चूल मांडली होती; घर त्यांना राहायला दिलं होतं. सर खुर्चीवर बसले होते, बाजूला काठी.

"सर, तुमचे डोळे गेलेले नाहीत," मी म्हणाले. सुरुवात करायची ही पद्धत नव्हे, पण दुसरी सुचली नाही.

मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला, भिंतीवरच्या बोर्डात चार्जर लावला आणि म्हणाले, "आता बघा."

काहीच झालं नाही. स्क्रीन तशीच राखेसारखी.

"ताई, लाईट न्हाई," वाटेकरीण चुलीपासून म्हणाली. "ह्या आठवड्याला रातची हाय. तुमी सांच्याला या."

मी इतकी वर्षं या धंद्यात, आणि जे दाखवायला आले होते त्यातच पुन्हा अडकले. मग बटणं दाबून हातानेच उजेड वाढवला. सर पुढे झुकले. त्यांचा शेवटचा, अर्धवट राहिलेला उपदेश उघडा होता. त्यांनी पहिली ओळ वाचली, मोठ्याने, वर्गात वाचावी तशी. मग दुसरी. मग थांबले. अनिल टेम्पोपासून दारात येऊन उभा राहिला होता.

मी सगळं सांगितलं. चार्जर, बॅटरी, विलास यांचा प्रोग्राम. "तुम्हाला सांगितलं होतं सर, लाईट गेली की स्क्रीन मंद होईल म्हणून."

सर स्क्रीनवरून मान वर करून माझ्याकडे वळले. "पण बाई," ते म्हणाले, "लाईट गेलीच नव्हती. लाईट रात्रीची होती."

विलास यांनी विचारलं होतं, 'लाईट गेल्यावर काय करता,' आणि सर म्हणाले होते, 'आमच्याकडे फार जात नाही.' दोघंही खरं बोलले होते. दोघंही मराठीच बोलले होते.

"दादा," मी अनिलला म्हणाले, "त्यांना दिसतंय. इथे राहू शकतात ते."

अनिलने लगेच नाही म्हटलं नाही. तो वडिलांजवळ बसला. "आज दिसतंय, मॅडम. पण काचबिंदू तर आहेच ना. आणि मी चार महिने झोपलेलो नाही. रोज वाटायचं, विहिरीकडे गेले असतील." मग सरांना म्हणाला, "बाबा, तुम्ही म्हणाल तसं. टेम्पो परत पाठवतो."

सरांनी ओसरीतल्या चुलीकडे पाहिलं. चूल पेटली होती, तिच्यावर दुसऱ्याच घराचा तवा होता. वाटेकरीण हातातली भाकरी तशीच धरून थांबली होती. तिला सगळं समजलं असावं.

"नको," सर म्हणाले. "हार घालून घेतला. आता परत उभा राहिलो तर लोक म्हणतील, मास्तरांनी बकरीसारखा झेंडू खाल्ला." तो विनोद होता, पण कुणी हसलं नाही, ते स्वतःही नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "बाई, हे सांगायला तुम्ही पौषात, हाराच्या आधी, आला असता तर."

त्यांनी ते मला दोष देण्यासाठी म्हटलं नाही. एका तारखेबद्दल म्हटल्यासारखं म्हटलं.

मी विचारलं, "प्रोग्राम काढून टाकू का, सर?"

"कशाला? विलासरावांचं काम चोख होतं. मला कळलंसुद्धा नाही."

याहून मोठी शाबासकी विलास यांना कुणी दिली नसती. ती मला ऐकावी लागली, आणि अशी.

प्रोग्राम मी काढला नाही. तिथेच ओसरीच्या पायरीवर बसून त्यात एक भर घातली. बॅटरीवर जाताच स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत एक पाटी यावी : 'सर, चार्जरमधून वीज येत नाही, म्हणून उजेड कमी केला आहे. डोळे ठीक आहेत.' विलास यांना ते आवडलं नसतं. पाटी लावून केलेलं काम त्यांच्या लेखी कच्चं. बॅटरी संपत आली होती, म्हणून घाईने केलं. मग टेम्पो गेला. सर पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते, लॅपटॉप मांडीवर.

आता दुकानात नवा माणूस लॅपटॉप घेऊन आला की मी लाईट कधी जाते असं विचारत नाही. लाईट कधी असते, असं विचारते. लोकांना वाटतं म्याडमचं बोलणं दिवसेंदिवस विचित्र व्हायला लागलंय.

सरांचा अधूनमधून फोन येतो. तिकडचं चर्च मोठं आहे, पाळक दर रविवारी असतात. सर मागच्या बाकावर बसतात. अर्धवट राहिलेला उपदेश त्यांनी पूर्ण केला, तो छापायचं काही कारण नाही. स्क्रीन दिवसभर लख्ख असते. गेल्या वेळी बोलताना मी विचारलं, पाटीची अक्षरं वाचता येतात ना, लहान तर नाहीत?

"कोण जाणे, बाई," ते म्हणाले. "इथे लाईट जात नाही आणि पाळीही नाही. ती पाटी अजून एकदाही आली नाही."

मी म्हटलं, सर, चार्जर काढून बघा, येईल.

ते म्हणाले, "राहू दे. डोळे ठीक आहेत, हे आता वाचून काय करू?"